फटफटीची पायपट्टी

दिवाळी सरली, की सांगलीच्या या रस्त्यावरून उसाच्या गाड्या सुरू होतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि बघते. वळणावर एखादा ट्रक गचका खातो, दोन-चार ऊस खाली पडतात आणि शाळेत निघालेली पोरं त्यांच्यावर तुटून पडतात. कारखान्याकडून वारा आला की मळीचा वास घरात शिरतो. लेक नाक मुरडते, खिडक्या लावायला धावते. मी म्हणते, "असू दे गं." तिला वाटतं, म्हातारीचं नाक गेलं. गेलं कुठलं! नाक चांगलं शाबूत आहे. पण त्या वासाच्या मागून मला दुसराच एक वास येतो. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, चुलाणात पेटलेल्या चिपाडाचा, आणि हसू नका, पेट्रोलचा. गुळाला पेट्रोलचा वास असतोच, असं एक अख्खा हंगाम मला वाटत होतं.

तो हंगाम लढाई संपल्यानंतरचा. माझं माहेर वाईचं, घाटाजवळचं. सासर उंब्रजच्या अलीकडे, कृष्णेच्या काठी, उसाच्या मळ्यात. लग्न झालं तेव्हा लढाई चालू होती आणि आमचे हे पलटणीत. अंगाची हळद निघाली नव्हती तोवर रजा संपली. उंबऱ्यातून पाठमोरे दिसले ते दिसले. पुढं कुणी विचारलं, नवरा कसा आहे गं तुझा, तर मी काय सांगणार? उंच आहे, एवढंच. पाठीवरून तेवढंच कळलं होतं.

पलटणीत हे फटफटीवर असायचे. एका छावणीतला हुकूम दुसऱ्या छावणीत पोचवायचा, रस्ता असो नसो. इटलीत अशाच एका वाटेवर जवळ गोळा फुटला. जीव वाचला. पण परत आले ते डावा गुडघा तिकडेच ठेवून आल्यासारखे. पाय होता, पण सरळ तो सरळच. बसताना पुढं यायचा, चालताना बाजूनं फिरायचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो पाय मांडीवर घेऊन तीन गावचं तेल चोळलं. गुडघा काही ऐकेना.

आल्यापासून हे गुऱ्हाळावरच राहायला गेले. हंगाम चालू झाला की घरचे पुरुष तिथंच असतात, त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नाही. मला वाटलं. पण नवी सून म्हणजे काय, तोंडाला पदर आणि पदराला गाठ. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. मी दुपारी भाकरी घेऊन जायची, फडकं सोडून ठेवायची, आणि चरकाच्या बैलाकडं बघत उभी राहायची.

अशात ती फटफटी आली. साताऱ्याचा कुणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्याकडून. साहेबाच्या आधी आणखी कुणाकुणाच्या बुडाखाली झिजलेली. आली तीही बैलगाडीत बसून! सारं गाव हसलं. "फटफटीला गाडी लागती, मग माणसानं कशात बसायचं रं?" मामंजी, माझे सासरे, तिला शिव्या घालत घालतच गुऱ्हाळाच्या छपरात जागा करून देत होते. "लंगड्याला लंगडी घोडी," म्हणाले, आणि मग स्वतःच तोंड फिरवून डोळे पुसले. मामंजींचं सगळं असंच. जीभ एकीकडं, जीव दुसरीकडं.

आता मुद्द्याचं सांगते. फटफटीवर बसल्यावर पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या असतात. त्या खुंटीवर पाय ठेवायचा तर गुडघा वाकायला हवा. यांचा उजवा पाय बिनतक्रार बसायचा. ब्रेक, किक, सगळं त्याच्याच बाजूला. गियर तर त्या जुन्या गाडीला हातानंच टाकायचा होता. अडलं होतं ते एका डाव्या पायापाशी. तो समोर हवेत लोंबायचा, आणि लोंबणारा पाय गाडीला एका बाजूला ओढायचा. दोरीनं हँडलला बांधून पाहिला, शिंकाळ्यासारखा. तेवढ्यापुरतं खरं, पण गाडी थांबली की पाय सुटायचा कसा? हे आपले रोज तिला पुसायचे, वर चढायचे, खाली उतरायचे. बोलायचे नाहीत कुणाशी.

आणि काळजी नुसती हौसेची नव्हती. यांचा पलटणीतला दोस्त शंकर, त्यानं सांगलीला मोटारदुरुस्तीचं दुकान काढलं होतं. एक दिवस गूळ खायला म्हणून आला, काहिलीशेजारी बसून गरम काकवी ओरपली आणि जाताना म्हणाला, "गड्या, संक्रांतीपातुर वाट बघतो. पर फटफटीवर बसून ये. वाटंत कुनाची मोटार बंद पडली तर तितं जानारा मानूस पायजे मला. दुकानात बसून ऱ्हानारं लय हायती." यांनी मान हलवली. त्या हलवण्यात होकार नव्हता, नकारही नव्हता. मी ते पाहिलं. जगात आपला उपयोग संपला असं माणसाला वाटायला लागलं की तो अशी मान हलवतो.

आता माझा स्वभाव. कुणाचं काही अडलं, की माझे हात शिवशिवतात. आई म्हणायची, हिच्या हाताला गप्प बसायचा शाप नाही. चार दिवस मी गप्प होते, पाचव्या दिवशी राहवेना. हे फटफटीवर पाय लोंबकळत बसलेले, मामंजी रस गाळत होते. मी चरकाच्या बैलापाशी गेले. पाखऱ्या त्याचं नाव. त्याच्या कपाळावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "पाखऱ्या, तुझ्या धन्याला सांग. भांडं चुलीवर बसत नसलं तर कुणी भांडं ठोकत नाही. चूल सारखी करतात. पाय वाकत नाही ना, नको वाकू दे. खुंटीच पुढं न्या म्हणावं."

रस गाळायचा थांबला. मामंजी खोकले. मला वाटलं, मेले आता. इतक्यात फटफटीवरून आवाज आला, "पाखऱ्या, वाईच्या शास्त्रीनबाईस्नी इचार, पुढं म्हंजी कुटं? हवंत?"

लग्नानंतर नवऱ्याचं माझ्याशी झालेलं ते पहिलं बोलणं. तेही बैलाला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडं बैला बोले बायको लागे! पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवसापासून पाखऱ्याचा भाव वधारला. मी त्याला सांगायची, हे त्याला सांगायचे, आणि तो बिचारा डोळे मिटून रवंथ करायचा. इतकी समजूतदार मध्यस्थी माणसालाही जमायची नाही.

खुंटी पुढं न्यायची म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर एक लोखंडी पट्टी बसवायची आणि तिच्या पुढच्या टोकाला खुंटी लावायची. पण किती पुढं, किती खाली? शिदू लोहार आला, गाडीभोवती दोनदा फिरला, मिशीवर हात फिरवत म्हणाला, "ऐरावताला नाल मारून दीन, ह्यो तर पाय हाय. नदरंनंच माप घेतलं." दुसऱ्या दिवशी त्यानं आणलेला तुकडा गाडीला सोडाच, पाखऱ्याच्या जुवालाही बसला नसता. वर म्हणतो, गाडीच वाकडी हाय! नाचता येईना, दुसरं काय.

मग मी माझ्या रीतीनं घेतलं. मला चूल घालता येते. आमच्या आळीत कुणाचीही नवी चूल असली की मला बोलवायचे. चूल घालताना फूटपट्टी नसते. भांडं डोळ्यासमोर धरायचं आणि माती त्याला येऊन भिडेपर्यंत चढवायची. मी पाखऱ्याला म्हणाले, "धन्याला सांग, सुखानं बसा. पायाला जसं आवडतं तसं सोडा त्याला." मामंजींनी पुढून आणि गूळ रांधणाऱ्या गुळव्यानं मागून फटफटी सरळ धरली. हे बसले. डावा पाय जिथं आपसूक जाऊन थांबला, तिथं टाचेखाली मी चिखल रचत गेले. चिखल पायाला टेकला, तसे यांनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्या पायाला कुणी खालून आधार दिला होता. माझ्या हाताला ते कळलं. पाय जड होत गेला, विसावला. मला एकदम रडू आलं आणि मी चिखल थापायच्या निमित्तानं खाली वाकले.

मग गाडीच्या बोल्टापासून त्या चिखलाच्या माथ्यापर्यंत उसाचं एक कांडं धरलं आणि बरोबर तेवढं तोडलं. तेच माझं माप. रॉकेलच्या डब्याचा पत्रा चोळीसारखा बेतून पट्टीचा आकार काढला. जिथं बोल्ट बसायचे तिथं दाभणानं भोकं पाडली. राहिलं लोखंड. मामंजी गोठ्यामागं गेले आणि भिंतीवरची जुनी धाव काढून घेऊन आले. धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकाभोवतीचं जाड लोखंड. चाक कधीच मोडलं होतं, धाव त्यांनी जपून ठेवली होती. "माज्या बाची गाडी हुती," म्हणाले. "उगं गंजत पडलीया." शिदूनं ती तापवून सरळ केली. या खेपेला नजरेनं नाही, माझ्या पत्र्यानं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, तू लय गुणाची हायेस. पर येक इचारू? त्यो फटफटीवर बसून सांगलीला गेला, म्हंजी मग?"

मी म्हणाले, "म्हणजे काय?"

"तितं दुकानात खाट टाकून ऱ्हाईल गडी मानूस. तू हितंच. माज्यासंगं."

भाकरी तव्यावरच करपली. खरंच की! आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा घालत होते मी. बैलामार्फत का होईना, जो नवरा माझ्याशी बोलायला लागला होता, त्याला दूर जायची सोय मीच बेतून देत होते. आत्याबाईंनी विचारलं, "रडतीस व्हय?" मी म्हटलं, "धूर लागला." त्यांनी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. चूल मीच घातलेली होती आणि माझी चूल धूर करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रात्री मनाशी ठरवलं. जाऊ दे. चिखलावर टेकलेला तो पाय मला आठवत होता. माणूस घरात असून हवेत लोंबकळत राहण्यापेक्षा दूर जाऊन टेकलेला बरा. असं म्हणाले खरी, पण उशी ओली झाली. मोठं मन वगैरे काही नव्हतं हो, नुसती घालमेल होती.

पट्टी बसली. अगदी मापात. यांनी पाय ठेवला आणि पाखऱ्याला म्हणाले, "सांग, झ्याक बसलं." निघायच्या दिवशी हे तयार झाले. खाकी कपडे, आणि पेटीतून काढलेले पलटणीतले बूट, आरशासारखे चकचकीत. गाडी छपराबाहेर काढली, किक मारली. तिच्या आवाजानं बगळे उडाले. हे निघाले आणि बांधापर्यंत असे गेले की मामंजींच्या हातातली गाळणी खाली पडली. बांधाला वाट डावीकडं वळते. तिथं गाडी वळलीच नाही. सरळ गेली ती पाचटाच्या ढिगात! पुढचं चाक वर, हे खाली.

सगळे धावलो. लागलं नव्हतं. पण यांचा चेहरा मला बघवेना. पाचटात बसून राहिले होते, तसेच, शंकर बोलून गेला त्या दिवसासारखे. मामंजी ओरडले, "बास झालं! इकून टाक ती अवदसा. घरात बसून खा, मी काय मेलो न्हाई." त्यावर यांनी मान हलवली. तीच ती मान.

माझं लक्ष पुढच्या चाकावरच्या पत्र्याकडं गेलं. त्याच्यावर काळा पट्टा उठला होता. बुटाच्या पॉलिशचा. मी बुटाकडं बघितलं, टोक खरवडलेलं. आणि डोक्यात लख्ख पडलं. आम्ही माप घेतलं ते गुऱ्हाळात. आणि गुऱ्हाळात कुणीच वहाण घालून येत नाही. काहिलीत लक्ष्मी उकळते. वहाणा बाहेर लिंबाखाली काढायच्या, मग तो मालक असो नाहीतर मामलेदार. सगळं माप अनवाणी पायाचं! वर चढला हा बोटभर जाड तळाचा, लांब नाकाचा बूट. हँडल डावीकडं फिरवलं की चाक येऊन बुटाला अडणारच. आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. येणार कसं? तिथं बूट घालायचं स्वप्नातसुद्धा कुणाला सुचलं नसतं.

पाखऱ्या लांब होता. आणि मला बैल शोधायला वेळ नव्हता. मी पदर खोचला आणि सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोर, सरळ यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "अहो, उठा! तुमचं काही चुकलं नाही. बुटाचं माप घ्यायचं राहिलं. पट्टी दोन बोटं बाहेर वाकवली की झालं. उठा म्हणते ना!"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. हे माझ्याकडं बघतच राहिले, पहिल्यांदा, पुरतं. आणि मामंजी? मामंजी वाकून चाकाजवळचा पट्टा बोटानं पुसून बघत म्हणाले, "आयला, बराबर हाय की रं! आवं, हुभ्या काय ऱ्हायलासा? चिखल आना." आवं, म्हणाले मला. सुनेला!

दुसरं माप लिंबाच्या पलीकडं घेतलं, उघड्या रानात, कारण बूट आत येऊ शकत नव्हते. पाटाचं पाणी सोडून चिखल केला. मी घोट्यापर्यंत चिखलात. कधी पुढून बघ, कधी मागच्या चाकापाशी उभी राहून बाहेर किती येतंय ते बघ. हँडल पुरतं डावीकडं फिरवून दोन बोटं जागा राहील असा पत्रा बेतला. मी म्हटलं, आता हा शिदूकडं धाडा. हे म्हणाले, "मीच घिऊन जातो." बैलाला नाही, पण मलाही नाही. असंच हवेत.

मग पाच-सहा दिवस गेले. घरात तीळ भाजत होते. मी हलवा करायला बसले, काटे येत होते साखरेला आणि मनात येत होतं, यंदाची संक्रांत ही आणि मग हे नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरा लढाईत होता. आता घरी आलेला, तो सांगलीला. सांगली काय, इटली काय, चुलीपाशी बसलेल्या बाईला सारखंच.

भोगीच्या दुपारी भाकरी घेऊन गेले तर लिंबाखाली फटफटी उभी. नवी पट्टी बसलेली. बघितली आणि माझं टाळकं फिरलं. मी बेतली होती त्यापेक्षा ती दुप्पट लांब! पुढचं टोक बरोबर, माझ्या मापाचं, दोन बोटं बाहेर. पण मागं एक फाटा काढून त्यावर आडवी फळीसारखी पट्टी जोडलेली, मागच्या चाकाजवळ. एवढं जुनं धावेचं लोखंड, मामंजींच्या वडलांचं, आणि शिदूनं वाया घालवलं! मी पाखऱ्याला हाक मारली, "बघितलंस का रे? विचार तुझ्या धन्याला, हे मागं काय शेपूट लावून आणलंय? पाय यांचे दोनच ना?"

हे बूट घालून दगडावर बसले होते. उठले. पाखऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तुजं पाय कुटं ठिवनार हुतीस?" म्हणाले.

मला कळेना. खरंच कळेना. मी आपली त्या आडव्या पट्टीकडं बघत राहिले.

"शंकरनं दुकानामागं खोली बघितलीया. तितं चूल न्हाई. घालाय पायजेल." मग जरा थांबून, खाली बघत, "येका अंगानं बसशील, म्हनून दोनी पाय शेजारी शेजारी मावतील अशी केलीया. बघ ठिवून."

"माझ्या पायाचं माप कधी घेतलं तुम्ही?"

यांनी पाटाकडं बोट केलं. चिखल वाळून गेला होता. मागचं चाक होतं त्या जागी माझी दोन पावलं उठलेली होती, शेजारी शेजारी, आणि त्यातल्या एकात उसाचं कांडं आडवं ठेवलेलं होतं. बरोबर तेवढंच तोडलेलं.

मी तिथंच, लिंबाखाली, भाकरीचं फडकं हातात घेऊन ढसाढसा रडले. हे घाबरले. मामंजी मात्र पाखऱ्याच्या शेपटीत गोचीड शोधत बसले ते मान वर काढेचनात.

संक्रांत करून आम्ही निघालो. मी एका अंगानं बसलेली, एका हातात तिळगुळाचा डबा, दुसरा हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. उंब्रज मागं पडलं, कऱ्हाड आलं. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि वाटेतल्या प्रत्येक गुऱ्हाळाचा वास अंगावरून जायचा. एका खड्ड्यात गाडी अशी उडाली, की हात कुठं ठेवायचा तो प्रश्न सुटला. मग सांगलीपर्यंत तो काढलाच नाही मी.

ती फटफटी पुढं मोडीत गेली. हे जाऊनही आता बरेच हंगाम झाले. शेवटपर्यंत तो डावा पाय खाटेबाहेर सरळ पुढं यायचा आणि मी त्याच्याखाली उशी रचायची. पट्टी मात्र मी सोडवून घेतली होती. माझ्या खुर्चीपुढं असते, दोन विटांवर. लेक म्हणते, आई, चांगला पाट आणून देते, हे थंडगार लोखंड कशाला? माझे पाय आता सुजतात. त्या पट्टीवर दोन्ही धड मावत नाहीत, एकाची करंगळी बाहेर येते. मी दटावून आत घेते. उसाची गाडी वळते, मळीचा वास येतो, आणि मी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बसते. यांनी सांगितलं होतं तसे.